आमच्याच हिरीचा दोर

बाप जाऊन लई वर्सं झाली, पन माझा राग काही गेला न्हाई. निम्मा त्याच्यावर, निम्मा माझ्यावर.

निजामाचं राज होतं. नेकनूरकडच्या एका खेड्यात, गावकुसाभायेर आमी ऱ्हायचो. बापानं बाप्तिस्मा घेतला तवा पाद्रीसायब त्याला म्हनले, "आता तू या गावचा उजेड." बापानं ते काळजावर कोरून घेतलं. पाद्रीसायब घोड्यावर बसून गेले. उजेड पाडायचं काम आमच्या गळ्यात पडलं.

दारातली पान्याची हीर बापानं सोता खंदलेली. दुस्काळात गावच्या समद्या हिरी आटल्या, आमची न्हाई. मग पाटील आला. म्हनला, "आमी पानी नेऊ, पन तुमचा हात दोराला लागता कामा न्हाई. आमच्या बाया शेंदतील आन तुमाला वरून वाढतील." बाप हो म्हनला! आई भडकली, "आपलीच हीर, आन आपुनच वंजळ पसरायची? कावून?" बाप म्हनला, "त्यांची तहान भागली तर त्यांना येशू कळंल. शबुद दिलाय म्या."

तवापास्नं मी रोज घागर घेऊन खाली उभी. वरून बाई पानी वतायची, निम्मं माझ्या डोक्यावर.

चैतात धाकटीला पटकी झाली. चार वर्साची पोर. हागवन, उलट्या, दुपारपतुर घरातलं पानी संपलं. आईच्या मांडीवर पडून "पानी, पानी" करायली. पटकीचं ऐकून त्या दिशी गावची एक बाई हिरीकडं फिरकली न्हाई. आई वरडली, "आवं, पोहरा टाका की!" बाप म्हनला, "दोर बाटला तर उंद्या समदं गाव तहानंनं मरंल." आन कुनाला तरी आनाया गावात पळाला. जाताना मला म्हनला, "दोराला हात लावू नको, माय."

हिरीवर मी एकटी. दहा वर्साची. दोर हाताशी, खाली पानी दिसतंय, आन आतनं आई माझ्या नावानं हाका मारायली. देवा रं! म्या हात लावला न्हाई. बापाचं भ्या न्हवतं. मला वाटलं, शबुद मोडला तर येशूला वाईट वाटंल.

बाप एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आला. तिनं लई जपून वतलं, थेंब सांडू दिला न्हाई. मी घागर घेऊन आत गेले, तवर धाकटी गार पडलेली. त्याच पान्यानं आईनं तिला आंघूळ घातली.

तिसऱ्या दिशी बाया परत आल्या. पाटील बापाला म्हनला, "मानलं बाबा तुमच्या धर्माला. पोर गेली, पन दोर बाटवला न्हाई." बाप मान खाली घालून रडला. मला वाटलं, आता तरी कुनी म्हनंल, लावा हात. कुनीच म्हनलं न्हाई.

आईनं घागर माझ्या हातात दिली. "जा," म्हनली, "उभी ऱ्हा." मी जाऊन खाली उभी ऱ्हायले. वरनं पानी आलं.