पाचवी फेरी आणि माझं प्रास्ताविक

मला गाडी चालवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती, आजही येत नाही. लायसन्सच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा साहेबांनी मला मध्येच उतरवून गाडी स्वतः परत नेली. असा माणूस मोटारशर्यत पुनरुज्जीवन समितीचा सरचिटणीस कसा झाला, हे बायको अजून विचारते. उत्तरही तीच देते, "अहो, तुम्हाला माईक दिसला ना, की संपलं."

मुलुंड पूर्वेला वस्ती संपून मिठागरं सुरू व्हायची, तिथे एक मोकळं मैदान होतं. जमीन खारट, गवताचं पातं उगवायचं नाही आणि उन्हाळ्यात ती फरशीसारखी टणक व्हायची. मी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या भागातले गॅरेजवाले तिथे वर्षातून एकदा शर्यत लावायचे. रोज रस्त्यावर चालते तीच गाडी तशीच्या तशी आणायची, इंजिनाला हात लावायचा नाही. गाडी मैदानापर्यंत आपल्या चाकांवर आली पाहिजे, दोरीनं ओढत आणलेली बाद. जुन्या फियाट, अँबॅसिडर, एखादी हेराल्ड. मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या. सकाळी जिच्यातून दूध आणलं तीच गाडी नऊ वाजता धूळ उडवत वळताना बघायची आणि आम्ही पोरं भिंतीवर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचो. झकास व्हायचं सगळं.

मग एका वर्षी चौथी फेरी संपता संपता शेजारच्या तबेल्यातली म्हैस मैदानात आली. पुढे होता आमच्या बिल्डिंगमागच्या गॅरेजचा मिस्त्री, पांढऱ्या फियाटमध्ये. म्हशीला वाचवायला त्यानं गाडी वळवली ती थेट मिठाच्या ढिगात. म्हैस धडधाकट राहिली, पण मालकानं असा काही तमाशा केला की शर्यत तिथेच थांबली. पुढच्या वर्षी कोणी नाव काढलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी विसरले.

मिस्त्री विसरला नव्हता. तो मालवणकडचा, वडील गिरणीत, हा लहानपणापासून गाड्यांखाली. दहा-बारा वर्षांनी एका दुपारी त्यानं मला गॅरेजमध्ये बोलावलं आणि शटर अर्धं ओढलं.

"कोणाक बोला नको," तो म्हणाला. "डॉक्टर काचबिंदू म्हणता. डावो डोळो गेलोच. उजवो वर्षभर टिकलो तर टिकलो. मगे गाडी बंद."

मी शेजारच्या टायरवर बसलो. 

"माझी ती पाचवी फेरी रवली हा रे," तो म्हणाला. "पयलो नंबर नको माका. पाच फेरे पुरे करूचे आसत. तू मंडळातलो माणूस. बघ कायतरी."

मी छातीवर हात ठेवला. खरंच ठेवला, नाटकात ठेवतात तसा. "मिस्त्री, शर्यत झालीच समजा."

"एक आयक. दिवस अष्टमीचो घे. पुनवेक, अवशेक नको. उधानाचा पानी मैदानात चढता."

मी म्हणालो, होय होय. माझं आजोळ देवगडचं. भांग आणि उधाण काय असतं हे मला आजीनं अंघोळ घालता घालता शिकवलं होतं. अष्टमीच्या सुमाराला भरती नरम, तो भांग; पौर्णिमा-अमावास्येला समुद्र अंगावर येतो, ते उधाण. मला काय सांगतोस, असा चेहरा करून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून मी पाठिंबा गोळा करायला निघालो. आमच्याकडे पाठिंबा कसा मिळतो ते मला गणपती मंडळात दहा वर्षं राबून चांगलं माहीत होतं. बेल वाजवायची, आत जायचं, सरबत प्यायचं, आणि समोरच्याला कुठलं तरी पद द्यायचं. पद दिल्याशिवाय आमच्या बिल्डिंगांमधून कोणी जिन्याची एक पायरी उतरत नाही. मंडपवाल्यानं खुर्च्या देऊ केल्या, त्याला स्वागताध्यक्ष केलं. निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेल्या एका साहेबांनी परवानगीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला, ते प्रमुख पाहुणे. महिला मंडळानं सरबताचं अंगावर घेतलं, पण स्वागतगीत आमचंच हवं, म्हणाल्या. ज्यांना काहीच द्यायला नव्हतं त्यांना मी सल्लागार केलं. सल्लागार चौदा झाले. मी प्रत्येक नाव वहीत लिहायचो आणि रात्री बायकोला वाचून दाखवायचो.

"आणि गाड्या किती झाल्या?" तिनं विचारलं.

"सहा."

"म्हणजे चालवणारे सहा आणि सांगणारे चौदा."

मी वही मिटली. बायकांना संघटना कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

तारीख ठरवायला मीटिंग झाली. अष्टमी मंगळवारी येत होती. मंगळवारी कोण येणार, म्हणून सगळे एक मेवर आले. हक्काची सुट्टी. सल्लागारांतल्या भटजींनी पंचांग उघडून सांगितलं, "अरे वा, पौर्णिमा. उत्तम दिवस." शेजारच्या वसाहतीतला वेल्डर, मिस्त्रीचा जुना दोस्त, मूळचा जालन्याकडचा. त्यानं हात वर केला. "त्या दिवशी आमची बुद्धपौर्णिमा आहे. सकाळी विहारात वंदना असते. पण आठ-सव्वाआठपर्यंत पोचतो मी."

म्हणजे एकाच मीटिंगमध्ये दोन माणसांनी मला दोनदा पौर्णिमा म्हणून सांगितलं. देवगडच्या या नातवानं दोन्ही वेळा मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'उत्तम दिवस'.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "किती वाजता?"

"साडेआठ."

"मगे चलात. पण अकराच्या आत आटपा. नायतर आपली वाट लागली."

मी म्हणालो, अकराला तर आपण सरबत पीत असू.

एक मेला वेल्डर आठ वाजता हजर. पांढरा शर्ट, अंगाला उदबत्तीचा वास, हातात झेंडा दाखवायला जुनी साडी. सहाही गाड्या ओळीनं उभ्या. मिस्त्रीची पांढरी फियाट मधोमध, दारावर पाच आकडा. स्कूटरचं हेल्मेट घालून तो आत बसला होता. चार-पाचशे माणसं जमली होती. माझी छाती फुगून शर्टाचं बटण तुटायच्या बेताला आलं होतं.

प्रमुख पाहुणे पावणेदहाला आले.

त्यानंतर दीपप्रज्वलन. खाडीचा वारा समई पेटू देईना, अकरा काड्या गेल्या. मग स्वागतगीत, त्याला चार कडवी. मग शाल-श्रीफळ. चौदाच्या चौदा सल्लागारांना. मी एकेकाचं नाव पुकारत होतो, आणि नाव घेतल्यावर टाळ्या कमी पडल्या तर पुन्हा घेत होतो. वेल्डर स्टेजच्या कोपऱ्यात येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागला. मी त्याला हात जोडून नमस्कार केला. मला वाटलं, बिचाऱ्याला शाल मिळाली नाही.

राहिलं होतं माझं प्रास्ताविक. ते खरं तर सुरुवातीला असतं, पण पाहुणे नव्हते म्हणून मी ते राखून ठेवलं होतं. खालून वेल्डर ओरडला, "सोड ना यार, गाड्या सोड आधी!"

"दोनच मिनिटं," मी माईकवर म्हणालो.

माझ्याकडे आठ पानं होती. आणि ती कोणावर होती? मिस्त्रीवर. त्याची जिद्द, त्याची म्हैस, अर्धी राहिलेली शर्यत. डोळ्यांचं मी बोललो नाही, तेवढा शब्द पाळला, पण बाकी काही शिल्लक ठेवलं नाही. मधे मधे माझाच आवाज भरून येत होता. तिसऱ्या पानाच्या सुमाराला मागच्या रांगेतली माणसं खुर्चीत सावरून बसली. पाचव्या पानावर मधल्या रांगांनी पाय वर घेतले. मला वाटलं, लोक भारावलेत. सहाव्या पानावर काही जण उठून उभे राहिले आणि खरं सांगतो, मी क्षणभर थांबून त्यांना मान झुकवली.

मग स्वागताध्यक्षांची चप्पल माझ्यासमोरून तरंगत गेली.

पाणी खाडीच्या नाल्यातून आलं होतं, गुपचूप, एक लाट नाही की आवाज नाही. बायका साड्या सावरत, पोरांना उचलून रस्त्याकडे पळत होत्या. प्रमुख पाहुण्यांना दोन सल्लागारांनी खुर्चीसकट उचललं. मी आठवं पान हातात धरून उभा. वेल्डरनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ साडी हलवली, "सोडा रे सोडा!"

तीन गाड्या सुरूच झाल्या नाहीत. दोन पहिल्या वळणाला रुतल्या. मिस्त्री एकटा पाणी उडवत गेला. एक फेरी. लोक पळायचे थांबले आणि बघायला लागले. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यात इंजिनानं दोन आचके दिले आणि गाडी मैदानाच्या मध्यावर बंद पडली. तो स्टार्टर मारत राहिला. 

मग जे झालं त्यासाठी मी कोणाकडे सरबत प्यायला गेलो नव्हतो. चाळीस-पन्नास माणसं पँटी दुमडून पाण्यात उतरली. ज्यांना पद नव्हतं ती सगळी. खारट चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत त्यांनी गाडी ढकलत रस्त्यावर आणली. मी मागच्या डिकीला हात लावला होता, पण जोर बहुतेक गाडीनंच मला दिला. मिस्त्री स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता. रस्त्यावर आल्यावर त्यानं हेल्मेट काढलं, काच खाली केली आणि मला म्हणाला, "बोललंस बरा हां तू."

चिडून नाही म्हणाला. चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मला माझ्या जिभेची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. त्याच्या उरलेल्या तीन फेऱ्या पाणी घेऊन गेलं नव्हतं, मी खाल्ल्या होत्या. त्याचंच कौतुक करता करता. वर्ष संपायच्या आत उजवा डोळाही गेला आणि त्याचं गाडी चालवणं बंद झालं. गॅरेजमध्ये तो नुसता स्टुलावर बसायचा आणि इंजिन ऐकून कामगारांना बिघाड सांगायचा. ते बिघाड बरोबर असायचे.

पुढच्या वर्षी मी समिती केली नाही. मला करावीच लागली नाही. चिखलात उतरलेले लोकच भाजीच्या गाडीपाशी, रेशनच्या रांगेत अडवून विचारायचे, "या वर्षी कधी रे?" मी सांगायचो, "अष्टमीला." मंगळवार असो की गुरुवार, अष्टमी. त्यांनी रजा टाकल्या. पण वेल्डर घरी येऊन म्हणाला, "माईक आणलास तर त्यात करंट सोडीन." आणायचा प्रश्नच नव्हता.

त्या सकाळी मैदान कोरडं ठणठणीत होतं. सात गाड्या आल्या. पांढरी फियाट वेल्डर चालवणार होता. मी मिस्त्रीचा हात धरून त्याला भिंतीपाशी आणलं, खुर्चीवर बसवलं आणि शेजारी उभा राहिलो. बरोबर साडेआठला साडी हलली आणि गाड्या सुटल्या. धूळ आमच्या अंगावर आली. मिस्त्रीनं काळा चष्मा काढून पुसला आणि परत घातला. कशासाठी पुसला, देव जाणे.

"बोल," तो म्हणाला.

मी गाड्यांकडे बघत राहिलो.

"बोल की रे मेल्या. गेल्या वर्षाक गप रवत नाय होतंस, आता काय झाला?"

मग मी बोललो. हेराल्ड पुढे आहे, तुमची दुसरी आहे, वळणावर काळी अँबॅसिडर आत घुसली, आता तुमची तिसरी. तो मांडीवर एकेक बोट दुमडून फेऱ्या मोजत होता. चौथ्या फेरीला त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. म्हैस नव्हती, पाणी नव्हतं. पांढरी गाडी मिठाच्या ढिगाजवळून नीट वळली आणि पाचव्या फेरीला लागली. माझे डोळे भरून आले होते, मला गाड्या धड दिसत नव्हत्या, आणि सांगत मात्र सुटलो होतो. शेवटच्या वळणाला मला राहवलं नाही. मी ओरडलो, "मिस्त्री, तुमची पहिली! तुमची पहिली आली!"

"खोटा बोला नको," तो म्हणाला. "माझ्या गाडयेचो आवाज वळकतंय मी. पुढे तीन गाडये गेले."

 ती चौथी आली होती.

"पण पाच झाले मा?"

"झाले मिस्त्री. पाच पुरे झाले."

त्यानं माझं मनगट सोडलं आणि खुर्चीत मागे टेकला.

"मगे आता गप रव जरा," तो म्हणाला. "माका आयकांदे."

इंजिनं एकेक करून बंद होत होती. सगळ्यांत शेवटी त्याची बंद झाली. तोपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही.