साहेबाच्या पलंगावर सोलापुरी चादर

माझ्या जर्मन साहेबाचा संसार मोडायला आलाय, असं मी दोन पांघरुणांवरून ठरवलं. कुणी विचारलं नव्हतं.

परदेशात, तुआसच्या कारखान्यात मी तेव्हा नवा होतो, प्रोबेशनवर. कायम करायचं की पुण्याला परत धाडायचं, हे सर्वस्वी साहेबाच्या हातात. तो बायकोला घेऊन बालीला गेला आणि कुंड्यांना पाणी घालायला फ्लॅटची किल्ली मला देऊन गेला. केवढा विश्वास!

कुंड्या बाल्कनीत होत्या. मी बेडरूममध्ये गेलो.

"अरे, तिकडे कुठे?" सोबत आलेली माझी बायको ओरडली. पण मी बघून बसलो होतो. पलंग एकच, ऐसपैस. त्यावर दोन सिंगल रजया, एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या.

"संपलं यांचं," मी म्हणालो.

"तुला काय करायचंय?"

मला बरंच काही करायचं होतं. दोन्ही रजया मी माळ्यावर कोंबल्या आणि दुसऱ्या दिवशी आमची डबलची सोलापुरी चादर, मोरवाली, त्या पलंगावर पसरून आलो. म्हटलं, एका पांघरुणात शिरले की बोलतील तरी.

ते परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबाचा फोन. "दोघंही या. आमची डेकं कुठंय?" रागात तो जर्मनवर घसरायचा. टॅक्सीत मी मोबाइलवर शब्द शोधला. डेकं म्हणजे छत. म्हटलं, रजयांच्या भारानं माळ्यासकट कोसळलं की काय? खाली वाचलं: पांघरूणही डेकंच, टेबलावरचं कापडही डेकंच. छत शाबूत आहे, एवढाच काय तो दिलासा.

साहेबाचे डोळे तांबारलेले. रात्रभर दोघांनी मोराची ओढाओढी केली होती. मी खरं काय ते सांगून टाकलं. मॅडम हसत सुटल्या. "अहो, आमच्याकडे नवरा-बायकोची पांघरुणं वेगळीच असतात! म्हणून तर भांडणं होत नाहीत."

साहेबानं माझ्यापुढे हात केला. "मशीन बरी सांभाळतोस, म्हणून नोकरी पक्की. किल्ली इकडे दे."

मॅडमनी चादरीची घडी माझ्या बायकोपुढे धरली. "तुम्हा दोघांना ही एक पुरते?"

"दोघांना कुठली? हाच गुंडाळून घोरतो. चादर याच्यासकट ठेवून घ्या, मला तुमची एक डेकं द्या."