सुमीच्या लग्नात जपलेला व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह जास्त दिवस टिकावा म्हणून मी जेवढी काळजी घेतली, तेवढी सख्ख्या बहिणीच्या लग्नाचीसुद्धा घेतली नाही. (आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अंगाशी आल्या!)

पन्नास सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढला होता. धंदा म्हणजे एक माईक, एक कर्णा आणि एक मशीन. मशीनमध्ये काचेचे चार व्हॉल्व्ह. बटन दाबलं की ते हळूहळू लाल व्हायचे आणि अर्ध्या मिनिटाने कर्णा बोलू लागायचा. त्यातला मोठा व्हॉल्व्ह मिळायचा फक्त मुंबईत. दुरुस्तीवाल्या मिस्त्रींनी बजावलं होतं, "व्हॉल्व्हला आयुष्य असतंय. जपून वापर." मी तो इतका जपायचो की आई म्हणायची, "बायको आली की तिलाबी असंच कापसात गुंडाळून ठेव!"

धाकट्या सुमीचं लग्न गडहिंग्लजच्या मुलाशी ठरलं. तिच्या सासऱ्यांची एकच अट.

"हुंडा नको, मानपान नको. खरं मंगलाष्टकं पार रस्त्यापतूर ऐकू आली पायजेत. आमची निम्मी भावकी मांडवाबाहेर उभी ऱ्हाणार. 'सावधान' ऐकल्याबिगर अक्षता कशा टाकायच्या?"

"घरचाच कर्णा हाय की!" मी छाती फुगवून म्हणालो.

सुमीने कपाळाला हात लावला. ती मला ओळखून होती.

लग्नादिवशी सासरे अट तपासायला स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पहिलं मंगलाष्टक झकास झालं. अक्षता पडल्या. भटजी दम खायला थांबले. आता तेवढा वेळ व्हॉल्व्ह फुकट कशाला जाळायचा? मी बटन बंद केलं! दुसरं सुरू झाल्यावर पुन्हा दाबलं. मशीन तापेपर्यंत भटजी शेवटाला पोचले होते. बाहेरच्यांना नुसतंच "...धान!" ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने अक्षता फेकल्या.

तिसऱ्या वेळी तर मशीन जागं झालं तेव्हा मंगलाष्टक संपलं होतं. भटजी म्हणत होते, "जरा पाणी आणा हो!" बाहेरच्यांनी त्यावरच अक्षता टाकल्या.

अंतरपाटाआडून सुमी दात-ओठ खात पुटपुटली, "दादा, बटन सोड, न्हाईतर बघ!" माईक तिच्या पुढ्यातच होता. हे वाक्य रस्त्यापर्यंत खणखणीत गेलं. पुन्हा अक्षता!

मी घाबरून बटन बंद केलं. आणखी घाबरून चालू केलं. आत 'पुट्' झालं आणि मोठा व्हॉल्व्ह कायमचा गेला.

"ऐकू येत न्हाई!" बाहेरून सासरे गरजले आणि गर्दी सारत मांडवात शिरले. "थांबवा! आमच्या भावकीच्या अक्षता ऱ्हायल्यात. ह्ये लगीन आमी धरत न्हाई!"

वडील हात जोडून उभे. आईच्या डोळ्यांत पाणी. भटजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतोय!" आपल्या हाताने बहिणीचं लग्न मोडलं, असं वाटून मला रडूच फुटलं.

"भटजी, तुमी म्हणा," अंतरपाटाआडून आवाज आला. "सावधान मी म्हणते."

भटजींनी चाचरत शेवटचं मंगलाष्टक म्हटलं. आणि सुमीने आवाज लावला, "शुभमंगल सावधाऽऽन!"

शेजारच्या कौलांवरची कबुतरं उडाली. नवरामुलगा दोन पावलं मागे सरकला. रस्त्यावरच्या भावकीने एका दमात अक्षता टाकल्या!

सासरे जागच्या जागी थिजले. "आवाज कुणाचा म्हणायचा?"

"तुमच्या सुनेचा," वडील हळूच म्हणाले.

"मग कर्णा कशाला आणलासा?" म्हणून ते असे हसले की फेटा सुटला.

पंगतीत मिस्त्री माझ्याशेजारी बसले होते. "आरं, सारखं चालू-बंद करूनच मारलास की त्याला! चालू ठेवला असतास तर सुमीच्या पोराच्या बारशातबी बोलला असता!"

निघताना सुमी गळ्यात पडून रडली आणि कानात म्हणाली, "नवा आणशील तो चालूच ठेव बरं, दादा." ती गेली आणि घर मुकं झालं. खोटं कशाला सांगू, व्हॉल्व्हपेक्षा तिच्याच आठवणीने जीव कासावीस व्हायचा.

महिन्याभराने मुंबईहून नवा व्हॉल्व्ह आला. मी तो बसवला, मशीन पुसून चालू केलं आणि ऐटीत गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. पेठ वडगावहून एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न होतं.

"कर्णा एकदम नवाकोरा बोलतोय बघा!" मी म्हणालो.

"कर्णा ऱ्हाऊ दे, पावणं," ते म्हणाले. "तुमची भण माह्यारी कवा येणार हाय, तेवढं सांगा!"