एका हातानं सुटलं पाहिजे

पडद्यावर माझी आई होती. अंगावर आमच्या कंपनीचं कापूस वेचायचं यंत्र बांधलेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मधोमध गोल गोल फिरत होती, हात झाडत होती. मागून बायांचा ओरडा ऐकू येत होता. आणि खामगावच्या कारखान्यातल्या त्या मीटिंगमध्ये सगळे हसत होते.

"परत लाव रे," पुण्याहून आलेले साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझी आई ना ही? नाचते छान."

ती नाचत नव्हती. तिला गांधीलमाशा डसत होत्या.

माझं काम सांगते. यंत्र बनण्याआधी त्यानं काय केलं पाहिजे, हे मी लिहिते. रिक्वायरमेंट म्हणतात त्याला. अशा सगळ्या ओळींच्या यादीवर माझी सही झाल्याशिवाय यंत्र बाजारात जात नाही. "यंत्र वापरायला सोपं असावं" ही रिक्वायरमेंट नाही, ती लग्नपत्रिकेतली ओळ झाली. कुणाला सोपं? कशावरून सोपं? लिहिलेलं तपासता आलं पाहिजे. जे तपासता येत नाही त्यावर पुढं कुणाला जबाबदार धरताही येत नाही. म्हणून मोठ्या लोकांना गुळमुळीत वाक्यं फार आवडतात.

यंत्राची चाचणी आमच्याच गावात, पिंपळगाव राजात ठेवली होती. आई दर हंगामात वेचणीला जाते, म्हणून मीच तिला बोलावलं. वेचणीला बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात आणि कमरेला कापडाची ओटी बांधतात. वेचलेला कापूस तिच्यात जातो. ओटीची गाठ अशी असते की एक टोक ओढलं की सगळं ओझं खाली. साप निघो, माशा उठोत, बाई ओटी टाकते आणि पळते.

आमच्या यंत्राच्या पट्ट्याचा खटका पाठीमागं होता. बांधायला दुसरी बाई लागली. माशा उठल्या तेव्हा दुसरी बाई पळाली होती, आणि पळालीच पाहिजे होती. कंपनीचा माणूस लांब उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याला पुढं जावंसं वाटलं नाही.

आईचे डोळे सुजून बंद झाले. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "ओटी असती तं कवाच फेकून पयाली असती व. याचा खटका मांगं. हात पुरून नाही राह्यला."

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: यंत्र घातलेल्या बाईला ते कुणाच्याही मदतीशिवाय, कोणत्याही एका हातानं, एकाच ओढीत अंगावेगळं करता आलं पाहिजे. हे कुठून आलं ते शेजारी लिहावं लागतं. तिथं आईचं पूर्ण नाव लिहिलं.

त्या मीटिंगमध्ये सहीसाठी ठेवलेल्या यादीत ती ओळ नव्हती. काढली होती. आईचं नावही गेलं होतं. राहिला फक्त व्हिडिओ, हसायला.

"खटका पुढं घ्यायचा म्हणजे साचा बदलावा लागेल," साहेब म्हणाले. "आणि या बायांना सवय असते गं. तू सही कर."

माझे कान तापले. ऑफिसात मी घासूनपुसून बोलते, पुण्याच्या माणसांना खटकू नये म्हणून. त्या दिवशी ते बोलणं तोंडात आलंच नाही.

"काऊन काढलं हे? कोनाले इचारून काढलं?"

'काऊन' ऐकून दोघंतिघं फिसकन हसले. हसोत.

"साहेब, कोणतीही ओळ मनाला आलं म्हणून काढायची नाही, हे तुम्हीच शिकवलं मला. काढायची तर कारण लिहायचं, खाली काढणाऱ्याचं नाव लिहायचं. मग लिहा. बायांना सवय असते, असंच लिहा. आणि खाली तुमचं नाव लिहा."

हसणं थांबलं. साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि एक अक्षर न लिहिता परत सरकवला. बोलायला सोपं होतं ते, लिहायला नाही.

"सही करणार की नाही?"

"नाही."

"मग जा आईबरोबर कापूस वेचायला."

मी उठले. माझ्या हातानं पडद्यावरचा व्हिडिओ बंद केला आणि माझ्या आईला तिथून बाहेर काढलं.

ओळ मी परत घातली आहे, आईच्या नावासकट. रोज फोन येतात, सही कर म्हणून. कधी गोड, कधी धमकीचे. आई घाबरते. "नोकरी जाईन नं व?" विचारते.

"गेली तं जाऊ दे," मी म्हणते.

कापूस वेचायला जा म्हणाले ना? जाईन. लाज त्या कामाची नाही, त्या हसण्याची आहे, आणि ती मला नाही, हसणाऱ्यांना वाटायला हवी. पण त्यांनी एक ध्यानात ठेवावं. खटका पाठीमागं आहे तोवर हे यंत्र माझ्या सहीनं एकाही बाईच्या अंगावर चढणार नाही.