पासपोर्टचे हवालदार

९ सप्टेंबर. आज दुकानात दुसरं काम घेतलं नाही. पासपोर्टच्या हवालदारांचा फोटो फ्रेमच्या मापात मोठा करायचा होता. त्यांच्या मुलाने पाठवलेल्या सगळ्या फोटोंत टोपी डोक्यावर नाही, बगलेत आहे. तो म्हणाला, "मावशी, टोपी डोक्यावर लावता येईल का?" मी म्हटलं, येईल, पण मग हे कोण, असं लोक विचारतील.

कुणाच्याही उंबऱ्याशी आले की ते टोपी काढून बगलेत धरत आणि म्हणत, "दोन शेजारी सांगा."

जवळा बाजारला माझं झेरॉक्स, फोटो आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पासपोर्टचा अर्ज मी भरायचा, चौकशी त्यांनी करायची, अशी आमची वाटणी. अर्ज करणारा तिथेच राहतो का, माणूस कसा आहे, हे दोन शेजाऱ्यांनी सांगायचं असा तेव्हाचा रिवाज. तुमच्याही दारात असा कुणी येऊन गेला असेल. आमच्या हवालदारांच्या मात्र हा रिवाज अंगात मुरला होता. मी जुनी स्कूटी घ्यायला निघाले तर म्हणाले, "ताई, गाडीवाल्याचे दोन शेजारी सांगा." विचारूनही आले. एक म्हणाला गाडी चांगली आहे. दुसरा म्हणाला चढ चढत नाही. त्यांनी दोन्ही सांगितलं, स्वतःचं मत दिलं नाही. मी गाडी घेतली. चढ चढत नाही.

जगात कुठे मोठा अतिरेकी हल्ला झाला की परिषद भरते. सगळे देश एकमेकांना माहिती द्यायचं ठरवतात. ते ठरलेलं एकेक पायरी उतरत दिल्लीला, मुंबईला, मग जिल्ह्याला येतं आणि शेवटी आमच्या हवालदारांच्या मोटरसायकलवर बसतं. एकदा त्यांना यासाठी हिंगोलीला प्रशिक्षणाला नेलं. परत आल्यावर मला म्हणाले, "ताई, अतिरेकी एका देशात तयारी करतो अन् दुसऱ्यात लपतो. म्हणून सारं जग एक होऊन राहिलं."

"मग तुमच्याकडे काय आलं?"

"औंढ्याकडची थोडी गावं."

तेव्हापासून ते चौकशीला इस्त्रीचा गणवेश घालून जाऊ लागले. "कागद समुद्रापार जातो. अवतार बराबर पाहिजे."

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका वस्तीवरच्या सुजाताला परदेशातल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तिकडच्या देशाला पोलिसांचा दाखला हवा होता, की हिच्यावर गुन्हा नाही, हिचे कुठल्या टोळीशी संबंध नाहीत. महिनाअखेर दाखला पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. चौकशीच्या दिवशी मी धरणावर मासे घ्यायला गेले होते. हवालदारांची गाडी दिसली म्हणून थांबले.

एका बाजूचा शेजारी हो म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या बाजूला गयाबाई. एकटी म्हातारी, ओट्यावर बसलेली.

"आजी, ह्या पोरीला वळखता का?"

"न्हाई."

"भिंतीला भिंत हाय तुमची."

"भिंतीला वळखते."

मला वाटलं, पोलीस बघून घाबरली. लोक घाबरतातच. सुजाताची आई रडायला लागली. मी हवालदारांना बाजूला घेऊन म्हटलं, "लिहून टाका ना हो म्हणून." ते म्हणाले, "ती हो म्हणली नाही, ताई." आणि टोपी बगलेत धरून तिच्या ओट्यावर टेकले.

पिशवीतले माझे मासे उन्हात होते. शेवटी म्हातारीच म्हणाली, "मी व्हय म्हणलं तर ती जाईल ना?"

"जाईल."

"मंग माजं बीपी कोन बघंल? गोळी घेतली का न्हाई, कोन इचारंल?"

तेव्हा कळलं. भीती वगैरे काही नव्हती. सगळ्या जगाने मिळून केलेल्या बंदोबस्तात एक कडी या ओट्यावर होती, आणि म्हातारीने ती आतून लावून घेतली होती.

"ते ह्या कागदात बसत न्हाई," हवालदार म्हणाले. "पण दवाखान्यात मी घेऊन जात जाईन तुमाला."

"तुमी? पोलिसाच्या गाडीवर बसले तर लोक काय म्हंतील?"

"म्हंतील, म्हातारी अतिरेकी निघाली."

म्हातारी हसली नाही. म्हणाली, "लिवा. पोरगी चांगली हाय. लई चांगली हाय." ते लिहून झालं तरी ती सांगतच राहिली.

सुजाता वेळेत गेली. हवालदार दर महिन्याला म्हातारीला मोटरसायकलवरून आरोग्य केंद्रात नेऊ लागले. परत जाताना माझ्याकडे चहा घ्यायचे आणि मी न विचारता बीपीचे आकडे सांगायचे.

पुढे पद्धत बदलली. देशोदेशीच्या याद्या एकमेकींशी जोडल्या गेल्या, नाव टाकलं की काँप्युटर ताडून बघतो. बहुतेक दाखले आता घरी कुणी न येता मिळतात. लवकर मिळतात, माझंही काम सोपं झालं. हवालदारांना ठाण्यात दुसरं टेबल दिलं. "शेजारी काढून टाकले, ताई," ते म्हणाले.

"मग काँप्युटर कुणाला विचारतो?"

"दुसऱ्या काँप्युटरला." मग म्हणाले, "म्हंजे शेजारी एकच झाला."

रिटायर झाल्यावरही त्यांची म्हातारीकडची फेरी चुकली नाही. काल पहाटे छातीत कळ आली आणि गेले. या महिन्याची फेरी राहिली होती.

१० सप्टेंबर. सकाळी फ्रेम त्यांच्या घरी दिली आणि तशीच सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागले. वस्तीच्या चढावर उतरून स्कूटी ढकलावी लागली. गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर तयार होती.

"हवालदार न्हाई आला?"

"गेले ते, आजी. परवा."

तिने माझ्या स्कूटीकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग तुमी काहून आल्या?"

"गोळी घेतली का आज?"

"न्हाई."

"घ्या, आणि बसा गाडीवर. मला परत येऊन दुकान उघडायचंय."