आकडा वाढला तो उन्हाळा

आमच्या मोठ्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. आमगावात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिनं शिलाईवरच दोन्ही मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली. काही वर्षांपूर्वी तिचं पोट फुगायला लागलं, तेव्हा गॅस समजून ती ओवा खात राहिली. शेवटी मी तिला गोंदियाला नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. सोबत रक्ताची सीए-१२५ नावाची तपासणी झाली. तिचा आकडा फार वर होता. आम्हाला नागपूरला पाठवलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघून माझ्याशीच हळू आवाजात बोलायला लागल्या. बाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं, मग म्हणाली, "रगत माह्या आंगातलं हाय. मंग आकडा याले काऊन सांगता?"

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं तिला समजावलं. अशा गाठीतून एक प्रथिन रक्तात उतरतं, ते दर वेळी मोजलं की औषध लागू पडतंय का ते कळतं. पण दुसऱ्या आजारांतही ते वाढतं, म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर म्हणायचा नाही. तुकड्यातही तेच निघालं. पण त्या दिवसापासून रिपोर्ट आधी बाईच्या हातात जायला लागला.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले, जेवणाची चव गेली. प्रत्येक केमोच्या आधी रक्त द्यायचं आणि मग तिचा मला फोन यायचा, "उतरला." एवढंच बोलून ठेवून द्यायची. केमो संपली तेव्हा आकडा सगळ्यांसारखा झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा वाढला. परत तपासला, आणखी वाढलेला. स्कॅनमध्ये मात्र काहीच नाही, बाईला त्रासही नाही. मॅडमनी सरळ सांगितलं की आजार परत येत असावा, पण नुसत्या आकड्यावर आत्ताच केमो दिली तर आयुष्य वाढत नाही, केमोचे दिवस तेवढे वाढतात. मला ते पटेना. आकडा वाढताना दिसतोय तरी हातावर हात ठेवून बसायचं का, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. बाईनं मला थांबवलं.

"आज मी चांगली हाव ना, मॅडम?"

"आज चांगल्या आहात."

"मंग मी दुकान उघडतो. लग्नसराईचे ब्लाउज पडून रायले."

परतताना गाडीत मी तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "लागते ना भेव. पण केमोत सुई धरवत नोयती. आता धरता येते."

तिनं ती सगळी लग्नसराई शिवून काढली. मी रोज आकड्याचा विचार करायचो आणि ती गळ्याच्या पट्टीचा. पाऊस चांगला झाल्यावर म्हणाली, मले इटियाडोह दाखव. माहेरच्या धानाला त्याच धरणाचं पाणी येतं, पण धरण तिनं कधी पाहिलं नव्हतं. आम्ही गेलो. ती दम खात धरणाच्या भिंतीवर चढली आणि पाण्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. तिच्या आजाराबद्दल काय काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो, ते तिथं बोलावंसं वाटलं नाही.

दिवाळीनंतर पोट दुखायला लागलं. त्याच दिवशी तिनं मला बोलावलं, लपवलं नाही. स्कॅनमध्ये आता दिसत होतं. केमो पुन्हा सुरू झाली. या वेळी तिला सगळं माहीत होतं, शेजारच्या खाटांवरच्या बायकांना तीच धीर द्यायची. आकडा उतरला, पहिल्याइतका खाली नाही, पण उतरला.

आता रक्त तपासायला अधूनमधून जावं लागतं. मागच्या खेपेला रिपोर्ट यायच्या दिवशी मी दुकानात जाऊन बसलो होतो. तिचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बाहीचं माप घ्यायला हात वर करायला सांगितलं. माप लिहून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "हाय तेवढाच हाय. चाय पितं का?"