फटीतली घोळ

पाऊस पाठ फिरवून गेला आणि कारंजा गावात ऊन असं चढलं, की न्याहारीच्या वेळेलाच सिमेंटचे गट्टू तळव्याला चटके देऊ लागले. पदमचंद शेठच्या दुकान-संकुलाच्या अंगणात भागिरथा उकिडवी बसून जुन्या पेचकसानं गट्टूंच्या फटीतलं गवत काढत होती.

नवरा गेल्यापासून हेच तिचं काम. पण इतक्या वर्षांत तिनं मूळ म्हणून कधी उपटलं नव्हतं. पेचकस घालायचा, रोप मानेशी मोडायचं, वरून रेती झाडून द्यायची. अंगण लख्ख. घोळीचे कोवळे शेंडे पदरात, रातच्या भाजीला. पंधरवड्यात फटी पुन्हा हिरव्या, की कामाला ये म्हणून शेठचा निरोप यायचा. त्याच मोडक्या गवतावर तिचा पोरगा संघदीप वाढला, पुण्याला गेला, आणि आता गट्टूंना फटी बंद करणारं सीलर मारायचं पहिलं कंत्राट घेऊन आला. नेमकं मायच्याच अंगणाचं.

"माय, मुयासकट काढजो," रेती चाळता चाळता तो म्हणाला. "एक मुई राह्यली तं सीलर फोडून वर येते. मंग मले दुसरं काम कोनी देत नाई."

"अन् सीलर बसलं का?"

"मंग गवतच नाई."

"तं मी काय करू?"

"घरी आराम कर. कायले मरतं आता उन्हात?"

"आराम शिजवता येते का रे, बाबू?"

तो हसला आणि पाठमोरा झाला.

भागिरथाचा हात सवयीनं मानेपाशीच थांबला. मोडून रेती झाडली असती, तर पोराला पत्ताही लागला नसता. पुढल्या पावसात घोळ वर आली असती, शेठचा निरोपही आला असता. पण त्या निरोपाआधी पोराला शिवी गेली असती. तिनं पेचकस मुठीपर्यंत दाबला. बोटभर पांढरी मुळी ओली माती घेऊन वर आली. मग एकेक करत तिनं सारं अंगण उपसलं.

दुपारी फटीत रेती भरली, वरून सीलर चढलं. सांजेला शेठ आले. कडेला उभं राहून त्यांनी चकाकतं अंगण न्याहाळलं.

"झकास, संघदीप. भागिरथाबाईनं जिंदगीभर गवत काढलं, पन मुई काई निघाली नाई. तू एका दिवसात काढली."

भागिरथानं पोराकडे पाहिलं.

"मायची जुनी पद्धत हाय, शेठ," संघदीप हसत म्हणाला. "मंगरूळले तुमच्या साडूचं अंगण हाय म्हने?"

"सांगतो त्याले. अन् बाई, आता तुमाले सुट्टी. कटकट गेली."

ते दोघं बोलत फाटकाकडे गेले. भागिरथानं पेचकस कमरेला खोचला, पदराची गाठ आवळली आणि भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडली. ओल्या सीलरवर पाय द्यायचा नव्हता.

घरी येऊन तिनं पदर सुपात रिकामा केला. एरवी नुसते शेंडे असायचे, निवडायला काही लागत नसे. आज घोळ सारी मुळासकट होती. चूल पेटवण्याआधी ती मुळं तोडत बसली.